इग्वानाची एकतीस अंडी

आण्णा आमच्याकडे राहायला आले त्या दिवशी राजवर्धननं, म्हणजे माझ्या नवऱ्यानं, मला स्वयंपाकघरात बोलावून सांगितलं, "राहू देत तुझे वडील. पण माझ्या कामात लुडबूड झाली, एक जरी तक्रार आली, तर त्याच दिवशी गाडीत घालून विजयसिंहाच्या दारात सोडून येणार. मग माझ्यापुढं रडायचं न्हाय." आवाज मुद्दाम मोठा ठेवला होता. बाहेर सोफ्याच्या कडेला, मांडीवर पिशवी घेऊन आण्णा बसले होते. त्यांनी शब्द न् शब्द ऐकला. त्यानंतर ते आमच्या घरात चालताना पाय वाजवायचे नाहीत.

विजयसिंह माझा धाकटा भाऊ. हातकणंगल्याचं घर आणि रान त्याच्या एकट्याच्या नावावर व्हावं म्हणून मी हक्कसोड पत्रावर सही दिली होती. आण्णाच मला कचेरीत घेऊन गेले होते. येताना साडी घेतली, भेळ खायला घातली आणि वाटेत भेटेल त्याला सांगत आले की आमच्या क्रांतीचं मन लई मोठं. सहा वर्षांनी त्याच घरात सुनेला सासऱ्याचा खोकला सोसेना, आणि पिशवी माझ्या दारात आली. घर पोराला आणि खोकला पोरीला. चार माणसांत मी हसतच म्हणाले, बाप का जड होतो कुणाला? पण आता लपवून काय करू, मला ते नको होते. मला माझा बाप माझ्या घरात नको होता, आणि हे मला माझ्या तोंडानं म्हणायचं नव्हतं.

आण्णांनी छत्तीस वर्षं कोंबड्यांच्या हॅचरीत काम केलं. यंत्रात अंडी लावायची, तासातासाला ट्रे कलते करायचे म्हणजे आतला जीव एका बाजूला चिकटत नाही, अठराव्या दिवशी फिरवणं थांबवायचं, एकविसाव्या दिवशी पिल्लं. मग निवड. हॅचरी अंड्यांच्या कोंबड्यांची, त्यामुळे माद्या पेटीत आणि नर पिंपात. शाळेत असताना मी डबा पोचवायला जायचे तेव्हा ते पिंप बघितलंय. पिवळ्या जिवंत पिल्लांनी काठोकाठ भरलेलं. आण्णा पिल्लू उचलायचे, पंख उघडून बघायचे आणि माझ्याशी बोलता बोलता मागं टाकायचे. "जेवलीस का गं?" म्हणत. तिथं नर टाकायचे, घरी आले की सगळं उलटं.

राजवर्धनचं शाहूपुरीत दुकान आहे, मासे, पक्षी आणि त्यांचं खाद्य. दोन वर्षांपूर्वी त्यानं सरकारी नोंदणी वगैरे करून इग्वानाची जोडी आणली. हिरवा परदेशी सरडा, शेपटीसकट चार फुटांचा. गल्लीत त्याला सगळे घोरपडच म्हणतात. मेथीची जुडी आणली की कोवळा पाला आधी त्यांना आणि उरलेल्या काड्या आमच्या भाजीला. यंदा रंगपंचमीच्या आदल्या दिवशी मादीनं वाळूच्या टबात अंडी घातली. मोजून एकतीस. राजवर्धन अक्षरशः नाचला. आमची मुलगी झाली तेव्हा तो दवाखान्यात पेपर वाचत बसला होता.

आयुष्यात त्यानं पहिल्यांदाच असली अंडी उबवायला घेतली होती. आधीच आठवडाभर व्हिडिओ बघून वहीत लिहून काढलं होतं. थर्माकोलची मोठी पेटी, तळाला ओलसर कोकोपीट म्हणजे नारळाच्या काथ्याचा भुसा, कोपऱ्यात उष्णतेचा बल्ब, उष्णता वाढली की आपोआप बंद होईल असा थर्मोस्टॅट. एकेक अंडं अर्धं पुरून बसवलं आणि प्रत्येकाच्या माथ्यावर शिसपेन्सिलीनं टिंब काढलं. पेटी ठेवली मागच्या खोलीत. ती मुलीची खोली. ती पुण्याला शिकायला, म्हणून आण्णा तिथं झोपायचे.

"हे बघ," राजवर्धन मला म्हणाला, "ही कोंबडीची अंडी न्हवंत. ह्यातला जीव वरच्या बाजूला धरून असतो. अंडं उलटं केलं की तो खाली जातो आणि गुदमरून मरतो. नव्वद दिवस टिंब वर म्हणजे वर. मामांना नीट समजावून सांग. त्यांचा हात शिवशिवणार."

सासऱ्याला स्वतः सांगायला त्याचं तोंड झिजलं असतं. चार महिन्यांत तो त्यांच्याशी "मामा, सरका जरा" यापलीकडे बोलला नव्हता. मी म्हटलं, "सांगते."

आणि सांगणारच होते. आल्याचा चहा केला, त्यांच्या खोकल्यासाठी मुद्दाम आलं जास्त किसलं, आणि खोलीत गेले. आण्णा पाठमोरे बसून विजयसिंहाशी फोनवर बोलत होते. "खायला-प्यायला हाय रं. पण पोरीचं म्हंजे परक्याचंच घर की शेवटी. आपलं ते आपलं. तू सवडीनं ये न्यायला, मी वाट बगतोय." मी कप स्टुलावर ठेवला आणि परत फिरले. त्या दिवशी सांगितलं नाही. दुसऱ्या दिवशी सांगितलं नाही. विसरले होते असं म्हणायची सोय नाही, कारण जेवायला वाढताना रोज आठवत होतं.

मी एका सकाळच्या कॉलेजच्या कचेरीत काम करते. नवव्या दिवशी लवकर सुटले आणि दहा-सव्वादहालाच घरी आले. मागच्या खोलीचं दार अर्धवट उघडं होतं. आण्णा पेटीपुढे स्टूल घेऊन बसले होते. स्वच्छ धुतलेले हात, खांद्यावर पंचा. तीन बोटांत अंडं धरून ते अलगद उलटं करत होते आणि परत त्याच खड्ड्यात बसवत होते. निम्म्याहून जास्त टिंबं खाली गेली होती.

मला बघून ते दचकले, मग हसले. "जावईबापूंनी खुणा करून ठिवल्यात बग, लई हुशार माणूस. खुणंबिगर हातानं फिरवायचं ध्यानात कसं ऱ्हायचं? खूण वर म्हंजे रात पाळी, खूण खाली म्हंजे दिस पाळी. हॅचरीत लाईट गेली की आमी असंच करायचो."

"कधीपासून फिरवताय?"

"तिसऱ्या दिसापासनं. ते दुकानाला गेलं की एकदा आणि सांजच्याला दिवा लावायच्या टायमाला एकदा. एक बी पाळी चुकू दिली न्हाय. कोंबडीचं एकवीस दिसातलं अठरा दिस फिरवायचं. जावईबापू फोनवर ह्या घोरपडीचं नव्वद म्हणत हुतं, तवा सत्त्याहत्तर दिस फिरवायचं आणि मग हात लावायचा न्हाय." हा सगळा हिशेब त्यांनी मनातल्या मनात केला होता. मग आवाज खाली आणून म्हणाले, "मी नुसता बसून खातोय हितं. एवढं तरी हुंदे माझ्या हातनं. पिल्लं निगाली की सांगू जावईबापूंस्नी, आदी सांगितलं की शेखी मिरवल्यागत हुतंय. मग तरी मला हितं ऱ्हाऊ देतील न्हवं?"

मी पेटीतली खाली गेलेली टिंबं मोजत होते. त्यानं ते घाबरले. हातातलं अंडं तसंच धरून त्यांनी विचारलं, "बरोबर करतोय न्हवं मी? का इचारू त्यांस्नी?"

त्या वेळी मी काय विचार केला ते स्पष्ट सांगते. अंडी मरतील. राजवर्धन घर डोक्यावर घेईल. गाडी काढेल. मी दारात उभी राहून डोळ्याला पदर लावेन आणि कुणीही मला बोल लावणार नाही. सरड्यांचं मला काय पडलं होतं?

"त्यांस्नी कशाला इचारताय?" मी म्हटलं. "करा की. अंड्यातलं तुमच्याएवढं कुणाला कळतंय ह्या घरात."

आण्णांचा चेहरा असा फुलला की मला क्षणभर बघवेना. मी दार ओढून घेतलं आणि भाजी निवडायला बसले.

राजवर्धन रात्री नऊला यायचा, हात धुऊन पेटी उघडायचा. टिंबं सगळी वर. उष्णता बरोबर. समाधानानं जेवायचा. दोन आठवडे होत आले तेव्हा त्यानं अंधार करून अंड्याला बॅटरी लावली आणि मला हाक मारली. आत केसाएवढी तांबडी शीर दिसत होती. आण्णा उंबऱ्यात उभे होते, आत यायचं धाडस नव्हतं. राजवर्धन खुशीत होता. "या मामा, बघा तुम्ही पण. तुमचीच लाईन आहे." पहिल्यांदा त्यानं त्यांना काहीतरी बघायला बोलावलं. आण्णांनी वाकून बघितलं आणि माझ्याकडे बघून डोळे मिचकावले. आमच्या दोघांचं गुपित होतं ना. मी पण हसले. त्या हसण्याची मला आजही किळस येते, पण त्या वेळी ते मला सहज जमलं होतं.

पाचव्या आठवड्यात वास यायला लागला. अंडी पिवळी पडली, खचली, काहींवर हिरवट बुरशी चढली. रविवारी सकाळी राजवर्धननं एकेक बॅटरीपुढे धरलं. शीर कुठंच नव्हती. मग त्यानं ब्लेड घेतलं आणि वर्तमानपत्रावर एक अंडं चिरलं. नुसतं पिवळं पाणी. दुसऱ्यातही तेच. तिसऱ्यात बोटाच्या पेराएवढं काहीतरी होतं, वळलेलं, डोळ्यांच्या जागी दोन काळे ठिपके. 

"कुणी हात लावलाय?" त्यानं मान वर न करता विचारलं.

आण्णा लगबगीनं पुढे आले. त्यांना वाटलं, काळजी घेतली का म्हणून विचारतायत. "मी फिरवत हुतो की जावईबापू. रोज दोन टायमाला. एक बी पाळी चुकवली न्हाय."

राजवर्धन उठला. मला वाटलं होतं तसा तो ओरडला नाही, आणि ते जास्त वाईट होतं. "मामा," तो म्हणाला, "छत्तीस वर्षं पिंपं भरून पिल्लं मारलीत. हाताची सवय न्हाय जात तुमच्या. बाहेर मारायला काय मिळंना म्हणून माझ्या घरात मारली व्हय?" आण्णांना काय झालंय तेच कळेना. ते अंड्यांकडे बघत होते, त्याच्याकडे बघत होते. राजवर्धननं तो मेलेला जीव कागदासकट त्यांच्या तोंडापुढे धरला. "बघा. बघा की नीट. फिरवायची नसतात ही. फिरवली की मरतात." मग माझ्याकडे वळला. "तू सांगितलं होतंस ना यांना?"

एवढा एकच प्रश्न. न्हाय म्हटलं असतं तर शिव्या मला बसल्या असत्या, आठ दिवस अबोला झाला असता आणि संपलं असतं.

"सांगितलं होतं," मी म्हटलं. "दोनदा."

दोनदा कशाला म्हणाले, मला माहीत नाही. कुणी विचारलं नव्हतं.

आण्णांनी माझ्याकडे बघितलं. मी वाट बघत होते की आता म्हणतील, खोटं बोलतीस, तूच म्हणालीस करा की. पण त्यांच्या चेहऱ्यावर राग नव्हता. ते आठवत होते. कपाळाला आठ्या घालून, ओठ हलवत ते त्या सकाळपर्यंत मागं गेले असावेत, आणि तिथं त्यांना जे सापडलं ते माझ्या तोंडच्या शब्दाशी जुळत नव्हतं. दोन्हीपैकी एक खोटं होतं. पोरगी खोटं बोलेल हे त्यांच्या मनालाही शिवलं नाही.

"सांगितलं आसंल," ते हळू म्हणाले. "माझ्याच डोस्क्यात ऱ्हायलं न्हाय. मला तर उलटंच वाटत हुतं, की ही करा म्हणाली. जावईबापू, चुकलं माझं." आणि पंच्याहत्तर वर्षांचा माणूस जावयाच्या पायाला हात लावायला वाकला.

राजवर्धन मागं सरकला. त्याचा राग तिथंच ओसरला. त्यानं त्यांना धरून पलंगावर बसवलं. बाहेर येऊन मला म्हणाला, "विसरायला लागलेत गं. त्यांना काय बोलून उपयोग? राहू दे इथंच, आता सांभाळायला पाहिजे." अंडी त्यानं पिशवीत भरून घंटागाडीत टाकली. म्हणजे एकतीस जीव गेले, बापाला मी खोटं पाडलं, आणि आण्णा घरातून हलले नाहीतच. विजयसिंहाला फोन केला तर तो म्हणाला, "विसरायला लागलेत म्हणतीस? मग आमच्याकडं कसं जमायचं ताई? उघडी विहीर हाय, मोटरच्या वायरी हाईत." त्याला नवीन कारण मी घरपोच दिलं होतं.

पुढे जे सुरू झालं ते मी विचारातही घेतलं नव्हतं. आण्णा स्वतःला तपासायला लागले. "क्रांती, मी आंघूळ केली न्हवं गं?" केलेली असायची, त्यांना माहीतही असायचं, पण माझ्याकडून खात्री करून घ्यायचे. मी हो म्हटलं की जीव भांड्यात पडायचा. दिव्याचं बटण दाबायच्या आधी विचारायचे. पाण्याचा तांब्या घ्यायच्या आधी विचारायचे. कॅलेंडरवर औषध घेतल्याची खूण करायचे आणि ती खूण आपणच केली का म्हणून मला दाखवायचे. त्यांच्या डोक्यात काही बिघडलं नव्हतं. हे जगात फक्त मला ठाऊक होतं.

एकदा मी कचेरीतून वैतागून आले होते. त्यांनी विचारलं, "मी चहा घेतला व्हय गं?" घेतला नव्हता. मी चपला काढत म्हटलं, "घेतलाय की मघाशी." ते "व्हय व्हय" म्हणाले आणि रिकाम्या हातानं खोलीत गेले. त्या दिवशी त्यांनी परत चहा मागितला नाही, आणि मी नेऊनही दिला नाही.

जूनच्या शेवटी त्यांनी आपणहून विषय काढला. जेवण अर्धं टाकून म्हणाले, "मला कुठंतरी ठिवा. म्हाताऱ्यांचं असतंय की काय ते. आज अंडी गेली, उद्या मी गॅस चालू ठिवून बसलो तर? तुमच्या दोघांच्या जिवाला घोर नको माझा." राजवर्धननं नको म्हणून बघितलं. खरंच म्हणून बघितलं, दोनदा. मी ताटातल्या भाताकडे बघत होते. मला हवं होतं ते माझ्या ताटात कुणीतरी वाढत होतं आणि मी नको म्हणाले नाही.

गावाबाहेरचा एक वृद्धाश्रम मिळाला. सोडायला मी एकटीच गेले, राजवर्धनला दुकान होतं. फॉर्म भरायच्या बाई आत कुठं गेल्या होत्या, म्हणून आम्ही व्हरांड्यात बाकावर बसलो. आण्णांनी नवा सदरा घातला होता. गुंडी वरखाली लागली होती, ती नीट करायला मी हात पुढे केला तर ते दचकून म्हणाले, "ही बी चुकली व्हय?" तेव्हा माझ्यानं राहवलं नाही.

"आण्णा, तुमचं काय चुकलं न्हाय. मी तुम्हांस्नी सांगितलंच नव्हतं. अंडी फिरवायची न्हाईत असं मी कधीच बोललो न्हाय तुमच्याशी. उलट, करा की, म्हणालो. तुम्ही स्टुलावर बसलावता, खांद्यावर पंचा होता. रात पाळी, दिस पाळी म्हणालात. तुम्हांस्नी सगळं बरोबर आठवतंय. मी खोटं बोललो."

 त्यांचे डोळे भरून आले. मला वाटलं, आता एक थोबाडीत बसेल. बसावी असं वाटत होतं.

त्यांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला. "गप. रडू नकोस. बापाला बरं वाटावं म्हणून सोताच्या अंगावर घेतीस व्हय?"

"न्हाय आण्णा, खरंच..."

"मला आठवतंय तसंच सांगाय लागलीस तू. पंचा, रात पाळी. म्हंजे मीच कधीतरी तुझ्यापाशी बोललो आसणार हे सगळं. न्हाईतर तुला कसं ठावं?" ते समजूत घालत होते, माझी. "माझ्या आठवण्यावर मी आता इस्वास ठेवत न्हाय, पोरी. तू कशाला ठेवतीस?"

पटवायचं म्हटलं तर पटवता आलं असतं. तिथून राजवर्धनला फोन लावून त्याच्यापुढे सगळं कबूल करता आलं असतं. ते मी केलं नाही. एकदा सांगून टाकलं, त्यांनी मानलं नाही, आणि मला, कशाला खोटं बोलू, सुटल्यासारखं वाटलं.

तेवढ्यात बाई फॉर्म घेऊन आल्या. माझ्याकडून नाव, वय, औषधं लिहून घेतली आणि आण्णांना मोठ्यानं विचारलं, "आजोबा, काय आवडतं, काय चालत नाही, काही सांगायचंय का?"

आण्णा उठून उभे राहिले. "मला नका इचारू," ते म्हणाले. "मी काय बी सांगितलं तरी खरं धरू नका. माझी पोरगी सांगंल तेच खरं."

बाईंनी मान डोलावली आणि ते तसंच फॉर्मवर लिहून घेतलं.